फक्त एका शब्दाचा अर्थ

मिसरोद, भोपाळ
६ नोव्हेंबर २०२५

विश्वनाथ भाऊजी आणि मंजूषा, दोघांना आशीर्वाद.

माझं पत्र पाहून नवल वाटेल. फोन असताना पत्र कसलं, असं मंजूषा म्हणेलच. फोनचा आवाज बिघडलाय, म्हणून फोन करू नका. मेसेजही नको. मी बरी आहे. इकडे थंडी पडायला लागली, बाजारात शिंगाडे आले, कॉलनीत सगळं नेहमीसारखं.

एक शब्द विचारायचा होता. तुम्ही आणि हे पत्रातून एकमेकांना इंग्रजी शब्द घालायचात ना, तसाच. शब्द आहे कनायव्हन्स. ऑफिसात गोपनीय शाखेत होते तेव्हा हा शब्द कितीदा टाइप केला असेल. 'विथ द कन्सेंट ऑर कनायव्हन्स ऑफ' असा जोडीनं यायचा. बोटं आपोआप चालायची, अर्थ कधी विचारला नाही. टाइप करणाऱ्याला अर्थाशी काय करायचंय? आता मात्र नेमका अर्थ हवा आहे. यांची डिक्शनरी माळ्यावर आहे आणि सध्या मला स्टुलावर चढायचं नाही.

अर्थ सविस्तर लिहा. तो शब्द कुणाबद्दल वापरतात, कधी वापरतात आणि एकदा कागदावर आला की मागे घेतात का, तेही लिहा. उत्तर पोस्टानंच पाठवा. पाकिटावर 'विम्याची माहिती' असं लिहिलंत तर बरं होईल. जुईशी बोलणं झालं तर यातलं काही सांगू नका. परदेशात एकटी पोर, उगाच काळजी करत बसते.

तुमची,
अनुराधावहिनी


लश्कर, ग्वाल्हेर
९ नोव्हेंबर २०२५

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार.

पाकिटावरचा भोपाळचा शिक्का पाहून मंजूषा दारातूनच ओरडली, "अहो, दादांचं पत्र!" मग तिनं जीभ चावली. दादा गेल्याला दोन वर्षं झाली, पण पोस्टमनची सायकल थांबली की अजून तसंच होतं. दादाचं शब्दांचं दुकान तुम्ही पुन्हा उघडलंत, वहिनी. मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. आणि 'विम्याची माहिती' कशाला? शेजारणींना कळू नये की या वयात इंग्रजीची शिकवणी लावलीय म्हणून? बरं, लिहिलंय पाकिटावर. हुकुमाचा ताबेदार.

तर कनायव्हन्स. फर्मास शब्द निवडलात. मूळ लॅटिनमध्ये अर्थ आहे डोळे मिटणे. म्हणजे आपल्याकडची डोळेझाक, कानाडोळा. समोर गैरकृत्य चाललंय, आपल्याला दिसतंय, पण आपण पंख्याकडे बघत बसतो, ते कनायव्हन्स. स्वतः काही करायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. आणि गप्प बसणाऱ्यालाही कायदा सोडत नाही, म्हणून तो कन्सेंटच्या शेजारी बसवलाय. एकानं मान डोलावली, दुसऱ्यानं मान फिरवली, दोघांनाही फळ सारखंच.

वापर असा. पहारेकऱ्याच्या कनायव्हन्सशिवाय कोठार फुटत नाही. बायकोच्या कनायव्हन्सशिवाय नवरा लाच घरी आणू शकत नाही. मी कॉलेजात असताना गच्चीवर सिगारेट ओढायचो आणि दादा जिन्यात उभा राहून खोकायचा, ते दादाचं कनायव्हन्स. कागदावर आलेला शब्द मागे घेतात का, म्हणून विचारता. एकदा आला की सहसा नाही घेत. फार चिकट शब्द आहे.

आता नियम माहीत आहे ना? दादालाही यातून सूट नव्हती. नुसता अर्थ पाठ केला तर शब्द दोन दिवसांत पळतो. तुम्ही स्वतःची तीन वाक्यं करून पाठवा. मराठीत चालतील, शब्द तेवढा इंग्रजी ठेवा. उगाच घाबरू नका, कर नाही त्याला डर कशाला. मी मार्क सढळ हातानं देतो.

आपला,
विश्वनाथ


मिसरोद, भोपाळ
१३ नोव्हेंबर २०२५

प्रिय विश्वनाथ भाऊजी,

पत्र मिळालं. बायकोचं ते वाक्य तुम्ही सहज लिहिलंत ना? तुम्हाला कुणाचा फोन आला नाही ना? आला असेल तर मला कळवू नका, पण त्यांना काही सांगूही नका.

अर्थ समजला. इतका वाईट असेल असं वाटलं नव्हतं. नुसतं गप्प बसण्यालाही शिक्षा असते हे मला माहीत नव्हतं, आणि मी तर जन्मभर गप्पच बसले. गोपनीय शाखेत त्याचीच शाबासकी मिळायची. नवऱ्यालासुद्धा ऑफिसातलं कधी सांगितलं नाही, आणि त्यांच्या कागदांना कधी हात लावला नाही. त्यांचं कपाट, त्यांची किल्ली. आपण कशाला पाहायचं, असं वाटायचं. त्याला चांगली बायको म्हणत असत.

कर नाही त्याला डर कशाला, असं लिहिलंत. ही म्हण ज्यानं केली त्याच्यासमोर कधी वर्दीतला माणूस बसला नसावा.

तीन वाक्यं मागितलीत ती अशी.

मयताच्या पत्नीच्या कनायव्हन्सशिवाय मयताच्या नावावरचं खातं चालू राहणं शक्य नव्हतं.

ज्या बाईनं नवऱ्याचे कागद कधी उघडून पाहिले नाहीत, तिचं कनायव्हन्स होतं असं म्हणता येईल का?

कनायव्हन्स सिद्ध झालं तर मेलेल्या माणसाचं नाव पेपरात छापतात का?

चुका असतील तर दाखवा. मार्क नकोत.

अनुराधावहिनी


मिसरोद, भोपाळ
१४ नोव्हेंबर २०२५

भाऊजी,

कालचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाका. वाक्यं मी सहजच केली होती, त्यात काही अर्थ काढू नका. आता काही लिहू नका. मंगळवारी मला बँकेत जायचं आहे, तिथलं काम झालं की हे सगळं मिटेल असं सांगितलं आहे. मग मी स्वतःच फोन करीन.

ग्वाल्हेरच्या घराचं दार नीट लावत जा. मंजूषाला जपा. तुमच्या भावानं आयुष्यात एकही वाईट काम केलं नाही, असं मी अजूनही मानते. तुम्हीही माना.

अ.


मिसरोद, तुमच्या दारासमोरच्या जिन्यावर
१८ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ

वहिनी,

तुमची दोन्ही पत्रं काल एकदमच मिळाली. तीन वाक्यं वाचली आणि लगेच फोन हातात घेतला. तुमचा फोन लावला तर सारखा व्यस्त. मंजूषा म्हणाली, पत्र लिहीत बसू नका, जा. पहिल्या गाडीनं आलो. राणी कमलापती स्टेशनला उतरून रिक्षा केली.

आता बेल वाजवली तर आतून तुमचा आवाज आला, "आज दूध नहीं चाहिए, भैया, कल आना." मी म्हटलं, वहिनी, मी विश्वनाथ. तरी तुम्ही तेच म्हणालात, जरा मोठ्यानं. तुम्ही मला ओळखलंत हे मला कळलं आणि तुमच्याजवळ कुणीतरी ऐकतंय हेही कळलं. म्हणून तोंड बंद करून हा कागद दाराखालून सरकवतो आहे. पेनही सरकवतो, याच्याच मागे उत्तर लिहा. आत माणूस आहे की फोन?

वि.


फोन आहे. डायनिंग टेबलावर तांब्याला टेकवून ठेवायला सांगितला आहे, कॅमेरा माझ्याकडे. दिवाळी संपल्यापासून असंच आहे. भाजीला जाते तेव्हा पर्समध्ये चालू ठेवून न्यावा लागतो. दाराशी यायला पाच मिनिटं मिळतात. आता टेबलाशी येऊन लिहितेय, त्यांना वाटेल रामनामाची वही घेऊन बसले. तुम्हाला सगळी पत्रं अशीच लिहिली, त्यांच्या डोळ्यांदेखत.

भाऊजी, परत जा. दिल्लीचे मोठे अधिकारी आहेत. यांच्या नावावर कुठेसं खातं निघालंय, त्यातून फार वाईट धंद्याचे पैसे फिरले म्हणतात. लहान मुलींना विकण्याचा. मला लिहितानाही शिसारी येते. नोटीस दाखवली, तिच्यावर यांचा फोटो आहे, त्याखाली लिहिलंय की मयताच्या पत्नीचं कनायव्हन्स. प्रकरण गोपनीय आहे, ज्याला सांगाल तो सहआरोपी होईल, असं बजावलंय. म्हणून तुम्हाला काही सांगितलं नाही. शब्दाचा अर्थ विचारणं म्हणजे सांगणं नव्हे, असं मी मनाला समजावलं.

चोर असतील असं तुम्ही म्हणाल. मीही आधी तेच म्हटलं. पण नोटिशीचं इंग्रजी इतकं चोख आहे की एक स्वल्पविराम चुकलेला नाही. जन्मभर असेच कागद टाइप केले मी. चोर असं लिहीत नाहीत.

एफडी मोडून त्यांच्या तपासणी खात्यात ठेवली की नाव मोकळं करून देणार आहेत. थोडी रक्कम आधीच पाठवली आहे. बँकेत न्यायला गाडी येतेय. ती यायच्या आत निघून जा, पाया पडते.


वहिनी,

जन्मभर इंग्रजी शिकवलं मी. चोर उत्तम इंग्रजी लिहितात, त्यातल्या दोघातिघांना तर मीच पास केलंय. चांगल्या इंग्रजीला भुलणं हा आपल्या पिढीचा रोग आहे. पोरंटोरं असल्या फोनवर शिवी हासडून मोकळी होतात आणि आपण उभं राहून 'येस सर' म्हणतो.

घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या. दादाची खाती कुठे कुठे होती ते मला माहीत आहे. तो गेल्यावर ती सगळी बंद करायला बँकेत तुमच्याबरोबर मीच आलो होतो. तुम्ही बाकावर बसला होतात, काही पाहत नव्हतात, म्हणून तुम्हाला आठवत नसेल. एकही खातं उरलं नाही. दुसरं असं, की मी तुम्हाला शब्दाचा अर्धाच अर्थ सांगितला. थट्टेच्या नादात मुख्य गोष्ट राहिली. कनायव्हन्सला आधी माहिती लागते. जे दिसलंच नाही त्याच्याकडे कानाडोळा कसा करणार? ज्याला काही ठाऊक नाही त्याच्या गप्प बसण्याला हा शब्द लागत नाही. इंग्रजीतही नाही आणि कोर्टातही नाही. तुम्हाला काही माहीत नव्हतं, कारण माहीत होण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

पोलिसांना पाठवणार होतो. पण त्यांना पाहून तुम्ही आणखी एक कडी घातली असतीत, म्हणून आधी स्वतः आलो. दार उघडा.


नाही उघडत. तुम्ही म्हणता ते खरं वाटतंय आणि तरीही हात कडीपर्यंत जात नाही. समजा तुमचं चुकलं तर? समजा ते खरे असले तर? मी गेले तर गेले, पण तुमचं नाव आत आलं तर मंजूषाला मी काय सांगू? ते आता विचारताहेत, "माताजी, दरवाजे पर कौन है, इतनी देर क्यों?" माझी पाचावर धारण बसली आहे. अक्षर वाचता येत नसेल तर माफ करा. जा ना भाऊजी.


वहिनी,

आता मलाही भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू. जिना चढणारे दोघंजण मी फरशीवर बसून लिहितोय ते पाहून गेले.

नीट ऐका. समजा ते खरे आहेत. समजा दादानं सगळं केलं. तर मग आता ते मला माहीत झालंय, तुमच्याच हातानं लिहिलेला कागद माझ्या खिशात आहे. आणि मी काय करतोय? जिन्यावर गप्प बसलोय. कनायव्हन्स यालाच म्हणतात. आत्तापर्यंतच्या सगळ्या वाक्यांतला हा सर्वांत बिनचूक वापर. म्हणजे माझं नाव आत आलंच, तुमचं दार बंद असो की उघडं. मला वाचवण्यासाठी दार लावून बसायचं काही कारण उरलं नाही. आत घ्या. न्यायचं तर दोघांना एकदमच नेतील.

खाली गाडी आलीय. हॉर्न वाजतोय. मी इथून उठत नाही, तुम्हाला मला ओलांडून जावं लागेल.


मिसरोद, भोपाळ
२६ नोव्हेंबर २०२५

प्रिय विश्वनाथ भाऊजी,

तुम्ही ग्वाल्हेरला सुखरूप पोचलात हे मंजूषाच्या निरोपावरून कळलं. चार दिवस तुम्ही इथं होतात तेव्हा मी धड बोलले नाही. बोलायला लागले की तोंड कोरडं पडायचं. लिहिताना तसं होत नाही, म्हणून पुन्हा पत्रच लिहिते.

त्या दिवशी कडी मी काढली खरी, पण तुमचं पटलं म्हणून काढली नाही. हॉर्न ऐकून वाटलं, जायचंच आहे तर एकटीनं कशाला? इतका साधा स्वार्थ होता तो. मग तुम्ही चपलांसकट आत आलात, टेबलापाशी वाकलात आणि त्या फोनला म्हणालात, "नमस्कार, मैं सहआरोपी बोल रहा हूँ." तो माणूस आधी दरडावत होता, मग त्यानं आईवरून शिवी दिली. त्या शिवीनं मला खात्री पटली. तोपर्यंत तो मला 'माताजी' म्हणत असे.

कॉल बंद झाला, खालची गाडीही निघून गेली, तेव्हा घरात काही आवाजच उरला नाही. तुम्ही म्हणालात, सुटलो. मला मात्र तेव्हा सर्वांत जास्त भीती वाटली. इतके दिवस कुणीतरी पाहत होतं, आता कोण, कुठून पाहतंय तेच कळेना. अजून खिडकीचे पडदे मी ओढून घेते. तुमच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले तेव्हा त्या प्रतिभा मॅडम किती गोड बोलत होत्या, पण त्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांकडे पाहून माझी बोबडी वळली. आधी पाठवलेली रक्कम मिळेल की नाही ते त्यांनाही सांगता येत नाही. गेली तर गेली.

यांच्या फोटोसमोर मी काल दिवा लावला. त्या दिवसांत लावत नव्हते. फोटोकडे पाहायची हिंमत होत नव्हती. माणसाबरोबर जन्म काढला आणि एका अनोळखी आवाजानं दोन दिवसांत मला त्याच्याबद्दल संशय घ्यायला लावला. ज्या मुलींचं नाव त्यांनी घेतलं त्या मला स्वप्नात दिसायच्या. यांची क्षमा मागितली.

जुईला सगळं सांगितलं. ती रडली, मग चिडली, मग म्हणाली, आई, तू इतकी शिकलेली बाई, तू कशी फसलीस? प्रतिभा मॅडमनीही तेच विचारलं, तुम्हीही एकदा चहा पिताना विचारलंत. मी सगळ्यांना सांगितलं की भीतीनं. ते खरंच आहे. पण ते पुरतं खरं नाही आणि उरलेलं मी कुणालाच सांगितलं नाही.

त्या फोनवर एक माणूस होता, दिवसपाळीचा. तरुण असावा. दरडावणारा वेगळा, हा वेगळा. हा रोज दुपारी एक वाजता विचारायचा, "माताजी, खाना खाया?" मी हो म्हटलं तर काय खाल्लं ते विचारायचा. भात खाऊ नका म्हणायचा, थंडी आहे. एक दिवस मी जेवले नव्हते तर म्हणाला, उठा, काहीतरी करून घ्या, मी थांबतो. आणि मी उठले, पोळी केली, कॅमेऱ्यासमोर बसून खाल्ली. हे गेल्यापासून मी दुपारी पोळी करायचं सोडलं होतं. एकटीसाठी तवा कोण तापवणार?

तो चोर होता. मला जिवंत आणि हुशारीत ठेवणं त्याला बँकेच्या कामासाठी हवं होतं, इतकं मला कळतं. पण भाऊजी, काल दुपारी ताट वाढून घेतलं आणि माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. एक वाजत आला होता. मी तांब्याकडे पाहत बसले. वाट पाहत बसले. हे लक्षात आलं तेव्हा इतकी घाबरले की जेवण तसंच टाकून शेजारच्या मेघाच्या घरात जाऊन बसले. गाडीचा हॉर्न झाला तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते. उद्या दुसरा कुणी असाच फोन करेल, नीट मराठीत बोलेल, जेवलात का म्हणेल, आणि मी पुन्हा दार लावून बसेन. त्याला नोटीसही दाखवावी लागणार नाही.

म्हणून मागणं मागते. तुमच्याकडे किंवा मंजूषाकडे, ज्याला जमेल त्याच्याकडे. इंग्रजी शब्द नकोत, पत्रंही पुरेत. रोज एक वाजता मला फोन करा. बोलायला काही नसलं तर नसू दे, जेवलात का एवढंच विचारा आणि ठेवून द्या. जुईनं तिकडूनच नवा नंबर मागवून दिला आहे, तो कागदाच्या मागे लिहिला आहे. मी पहिल्यांदा उचलला नाही तर पुन्हा करा. घंटी वाजली की अजून माझा हात पुढे होत नाही.

तुमची,
अनुराधावहिनी